डोंगरातला सातू: एका शेतात किती वाण?

मे 2025 मध्ये केंद्र सरकारने भाताचे दोन नवे वाण जाहीर केले. त्यांची जनुकं प्रयोगशाळेत नेमक्या जागी बदलून घेतलेली आहेत. तेव्हापासून एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो: हवा तिथे हवा तो बदल करता येत असेल, तर गावरान बियाणं जपत बसायचं कशाला? प्रश्न रास्त आहे. "जुनं ते सोनं" म्हणून तो उडवून लावता येत नाही. त्याचं नीट उत्तर द्यायचं तर एखादं पीक हातात घेऊन मुळापासून बघावं लागतं. मी सातू घेतला आहे. याच्यावर शंभर वर्षं कसून अभ्यास झालाय, आणि ज्वारी-मक्यात गुंतागुंतीचं वाटणारं गणित सातूत स्पष्ट दिसतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. सातू म्हणजेच जव, आणि पूजेतला यव. जवस वेगळं, ती अळशी. आणि आपल्या घरातलं "सातूचं पीठ" बऱ्याचदा गहू आणि डाळं भाजून दळलेलं असतं, त्यात सातूचा दाणा असेलच असं नाही. महाराष्ट्रात सातू फारसा पिकत नाही. तो भेटायला डोंगर चढावा लागतो.

तळहातावरचे दाणे

लडाखमध्ये लेहपासून सिंधूच्या कडेने दोनेक तास गेल्यावर एका गावात थांबले होते. ऑगस्ट होता, कापणी तोंडावर आलेली. घरच्या आजींना सगळे "आमा-ले" म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. त्यांनी पाच-सहा ओंब्या खुडल्या, दोन्ही तळव्यांमध्ये चोळल्या आणि फुंकर मारली. कुसळं आणि तूस उडून गेलं, तळव्यावर नुसता दाणा उरला. आपल्याला मैदानातला सातू माहीत असतो, त्याचं तूस दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, कांडल्याशिवाय निघत नाही. इथला सातू बिनतुसाचा. त्याला लडाखीत "ग्रिम" म्हणतात.

मी तो दाणा निरखून बघितला. काही दाणे गव्हासारखे, काही राखाडी-हिरवट, दोन जांभळट, एक जवळजवळ काळा. एकाच शेतातल्या, हाताच्या अंतरावरच्या ओंब्या होत्या त्या. "हे कुठलं वाण?" मी विचारलं. नातवाने भाषांतर करून सांगितलं, त्यावर त्या म्हणाल्या, "आमचंच." मी रंगांकडे बोट दाखवलं. त्यांना माझा प्रश्नच समजेना. त्यांच्या लेखी ते सगळं एकच बी होतं.

पुढे तो सातू भाजतात, पाणचक्कीवर दळतात. पाणचक्कीला तिथे "रंतक" म्हणतात आणि पिठाला "ङंफे". लोण्याच्या खाऱ्या चहात कालवून त्याचा गोळा करून खायचा. तिबेटमध्ये हेच पीठ त्साम्पा. इथिओपियाच्या डोंगरात भाजलेल्या सातूचं पीठ, त्याला "बेस्सो" म्हणतात. आणि आपलं सातूचं पीठ गूळ-दुधात. सरपण कमी आणि प्रवास लांब असलेल्या माणसांनी ठिकठिकाणी एकच युक्ती काढलेली दिसते: एकदा भाजून ठेवा, मग चूल न पेटवता खा.

ओवी आणि पाठभेद

"जनुकीय विविधता" हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. म्हणून ओवीकडे जाऊ.

जात्यावरची एकच ओवी चार गावांत चार तऱ्हांनी म्हटली जाते. एकीकडे "विठ्ठल" तर दुसरीकडे "पांडुरंग", एकीकडे "भाऊराया" तर दुसरीकडे "बंधू". बहुतेक ठिकाणी अर्थ तोच राहतो, कुठे एखाद्या शब्दाने सगळा रोख बदलतो. याला आपण पाठभेद म्हणतो. झाडाच्या प्रत्येक पेशीत अशीच एक मोठी पोथी असते. तिच्यातला एखादं काम सांगणारा तुकडा म्हणजे जनुक. एकाच जनुकाचे वेगवेगळ्या झाडांत सापडणारे पाठ, ते त्याचे पाठभेद. एखाद्या पिकात किती पाठभेद जिवंत आहेत आणि ते एकमेकांशी किती तऱ्हांनी जुळून आले आहेत, ती जनुकीय विविधता. एवढे शब्द पुरे.

सातूची पोथी मोठी आहे. तिच्यात सुमारे 5 अब्ज अक्षरं आहेत, माणसाच्या पोथीत 3 अब्ज.

एका पाठभेदाने काय होतं ते बघा. रानटी सातूची ओंबी पिकली की पेरापेरातून तुटते आणि दाणे मातीत सांडतात. झाडाच्या सोयीचं, पण माणसाला खाली बसून दाणे वेचावे लागतात. शेजारी-शेजारी असलेल्या दोन जनुकांपैकी एकात जरी ठरावीक बदल झाला, तर ओंबी न तुटता उभी राहते. पश्चिम आशियात सुमारे 10,000 वर्षांपूर्वी लोकांनी अशा ओंब्या घरी आणल्या, आणि सातूची शेती सुरू झाली. आमा-लेंच्या बिनतुसाच्या दाण्याचं मूळही एकाच जागी आहे. पोथीतली सुमारे 17,000 अक्षरं एका ठिकाणी गळाली आणि तूस दाण्याला चिकटेनासं झालं. जगातल्या निरनिराळ्या भागांतले बिनतुसाचे सातू तपासले, तर त्यांच्यात तेच पान फाटलेलं निघालं. म्हणजे तळव्यावरच्या त्या रंगीबेरंगी दाण्यांचा हा एक पूर्वज सामाईक आहे.

चिवडा आणि आमटी

सातूचं फूल बहुतेक वेळा उघडायच्या आधीच स्वतःच्याच परागाने फळतं. मक्याचे पराग वाऱ्यावर जातात, शेजारच्या ताटाशी मिसळतात, दरवर्षी नवी सरमिसळ होते. मक्याचं शेत आमटीसारखं आहे, सगळं एकमेकांत उतरलेलं. सातूचं गावरान शेत चिवड्यासारखं. पोहे पोहेच राहतात, शेंगदाणे शेंगदाणेच, पण मूठ भरली की सगळं एकत्र येतं. काळ्या दाण्याच्या झाडाला पुढच्या वर्षी काळाच दाणा, लवकर पिकणाऱ्याची लेकरं लवकर पिकणारी. क्वचित दोन झाडांचा संकर होतो आणि चिवड्यात एक नवा जिन्नस येतो.

म्हणून शहाण्या माणसाला "एक वाण" वाटणारं शेत खरं तर पुष्कळ वंशांची वस्ती असतं. दुकानातल्या पिशवीतलं सुधारित बियाणं म्हणजे त्यातला एकच जिन्नस निवडून, शुद्ध करून, सगळीकडे पेरलेला. उत्तम असेल, पण एकच.

हे डोंगरातच का टिकतं?

मला स्वतःला या विषयातला सगळ्यात विचार करायला लावणारा प्रयोग डोंगरातला नाहीच, कॅलिफोर्नियातल्या सपाट जमिनीवरचा आहे. 1929 साली हॅरी हार्लन या अमेरिकन संशोधकाने जगभरातून आणलेले सातूचे 28 वाण एकमेकांशी संकरित करून एक प्रचंड मिश्रण तयार केलं. ते मिश्रण डेव्हिस इथे वर्षानुवर्षं पेरत राहायचं, हाताने काहीही न निवडता, आणि बघायचं काय होतं. पेरणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या, प्रयोग चालू राहिला. 2024 मध्ये त्या बियाण्याच्या पोथ्या वाचल्या तेव्हा दिसलं, की 58 पिढ्यांत बहुतेक विविधता संपली होती. एकाच वंशाने शेताचा मोठा भाग व्यापला होता.

म्हणजे चिवडा आपोआप टिकत नाही. एकच जागा म्हणजे एकच चाळण. तिथल्या उन्हाला, पावसाला, पेरणीच्या तारखेला जो जिन्नस बसतो तो वर राहतो, बाकीचे हळूहळू गळून जातात.

डोंगरात चाळणी शेकडो असतात. उन्हाकडे तोंड केलेल्या उतारावर बर्फ आधी वितळतं, समोरच्या उतारावर कितीतरी उशिरा. दोनशे मीटर वर गेलं की पेरणी ते थंडी या काळातले दिवस कमी होतात आणि लवकर पिकणारा सातूच पदरात पडतो. खालच्या गावात उशिरा पिकणारा, जास्त भरणारा चालतो. एका पाटाला पाणी मुबलक, दुसऱ्याला पाळीने. लेहला वर्षाकाठी पाऊस सुमारे 100 मिलिमीटर, बाकी सगळं वितळलेल्या बर्फावर. वरची खिंड हिवाळ्यात बंद, म्हणून या खोऱ्यातलं बी त्या खोऱ्यात सहज जात नाही. आणि जातं तेव्हा मुद्दाम जातं, लग्नात, देवाणघेवाणीत, एखाद्या वर्षी पीक बुडालं म्हणून. इथिओपियाच्या पठारावरही हेच घडलं, तिथे तर वर्षातून दोन पावसाळे आणि दोन हंगाम.

त्यात माणसाची चाळण आहेच. भाजायला हा चांगला, छंगला तो चांगला (छंग म्हणजे सातूची घरगुती दारू), गुरांना लांब काडाचा हवा, असं आमा-ले सांगत होत्या. नव्या वाणांचं काड बहुतेक आखूड असतं, कारण लांब काड वाऱ्याने लोळतं. पण सहा महिने बर्फात गुरं जगवायची तर काड हे दाण्याइतकंच पीक असतं.

भुरीची गोष्ट

भुरी म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग. द्राक्षबागायतदारांना ती काय करते हे सांगायला नको. सातूवरही भुरी येते, तिची बुरशी वेगळी पण उपद्रव तोच. युरोपात विसाव्या शतकात तिने पैदासकारांना, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्यांना, दमवलं. रोगप्रतिकारक वाण आणायचा, तो सगळीकडे पेरला जायचा, आणि थोड्या वर्षांत भुरी त्यावरही मात करायची.

1937-38 मध्ये जर्मन पथकांनी इथिओपियातून सातूचं गावरान बियाणं गोळा करून नेलं होतं. त्यातल्या काही नमुन्यांवर भुरी धरतच नव्हती. कारण पुढे उलगडलं. भुरीची बुरशी पानाच्या पेशीत शिरताना सातूच्याच एका जनुकाची मदत घेते. घरातल्याच कुणी आतून कडी काढून द्यावी, तसं. इथिओपियातल्या त्या झाडांत हे जनुक नीट चालतच नव्हतं, त्यामुळे कडी निघत नव्हती. 1979 पासून हा पाठभेद युरोपच्या वाणांमध्ये आला आणि चार दशकांहून अधिक काळ तो टिकून आहे. इतर प्रतिकारांच्या तुलनेत हे आयुष्य विलक्षण आहे. सातूचा एक विषाणूजन्य रोग आहे, त्यात झाड पिवळं पडून खुजं राहतं. त्याच्याविरुद्धचा महत्त्वाचा प्रतिकारही इथिओपियाच्याच सातूतून मिळाला.

चिवड्याचा फायदा मोठ्या प्रमाणावर तपासलाही गेला आहे. 1984 पासून पूर्व जर्मनीने सातूचे तीन-चार वाण मिसळून पेरायला सुरुवात केली. काही वर्षांत असं क्षेत्र सुमारे 3 लाख हेक्टरवर गेलं आणि शेतांमधलं भुरीचं प्रमाण साधारण 50 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर उतरलं. एका झाडावरचा बुरशीचा कण उडून शेजारी पडतो, पण शेजारी वेगळ्या वंशाचा असतो, आणि साखळी तिथेच तुटते. आमा-लेंच्या शेतात हे मिश्रण कुणी न ठरवताच होतं.

"मग हा बदल प्रयोगशाळेत करता येणार नाही का?"

भुरीचा बदल येतो, आणि हे लपवायचं कारण नाही. 1942 मध्येच जर्मनीत सातूवर क्ष-किरण सोडून त्याच जनुकात बिघाड घडवला गेला होता. 2014 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी गव्हातली त्याच प्रकारची जनुकं कात्रीसारख्या तंत्राने बंद करून भुरीला अटकाव केला. एक जनुक, एक बदल, एक परिणाम असा सरळ हिशेब असेल तिथे प्रयोगशाळा जिंकते आणि मला त्याचा आनंद आहे.

पण कात्री असून भागत नाही, कुठे कापायचं ते माहीत असावं लागतं. गव्हात कुठे कापायचं हे सातूच्या अभ्यासातून कळलं होतं. आणि शेतकऱ्याला ज्याची खरी धास्ती असते ते गुण एका जनुकाचे नसतातच. पेरणीनंतरचं हिव, मधल्या काळात तुटलेलं पाणी, दाणा भरताना आलेली उष्णता, या सगळ्यांना तोंड देताना शेकडो जनुकांचे छोटे-छोटे पाठभेद एकत्र काम करतात. असं जुळलेलं मिश्रण कोऱ्या कागदावर कुणी लिहून देऊ शकत नाही. ते डोंगरउतारांवर शेकडो पिढ्यांत तावून सुलाखून निघालेलं असतं. भर म्हणजे भुरीच्या त्या एका पाठभेदाचीही किंमत होती: पानांवर मेलेल्या पेशींचे ठिपके पडायचे, उतारा घटायचा. तो दोष झाकणारे इतर पाठभेद जुळवून आणण्यात पैदासकारांची वर्षं गेली.

"पण गावरान सातू पिकतो कमी"

चांगली जमीन, वेळेवर पाणी, भरपूर खत असेल तर हो, सुधारित वाण पुढे जातो. तिथे गावरानचा हट्ट धरायला मी सांगणार नाही. पण साल्वातोरे चेक्कारेल्ली या पैदासकाराने सीरियातल्या कोरडवाहू भागात वर्षानुवर्षं तुलना केली, तेव्हा दिसलं की परिस्थिती बिघडत जाते तसं पारडं फिरतं. वाईट वर्षात तिथले काळ्या आणि पांढऱ्या दाण्याचे गावरान सातू संशोधन केंद्राच्या वाणांपेक्षा जास्त देऊन जात. सरासरी उतारा बघणाऱ्याला हे दिसत नाही. ज्याच्या घरात एकच पीक येतं त्याला वाईट वर्षच मोजावं लागतं.

हे आपल्याला नवीन नाही. रब्बी ज्वारीत मालदांडी टिकून आहे ती का? मोहोळच्या केंद्रात गावरान मालदांडीतूनच निवडलेली एम 35-1 नावाची ज्वारी जवळजवळ नव्वद वर्षं पेरली जाते आहे. संकरित ज्वारी आली, पण मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला भाकरीची चव हवी होती आणि जनावरांना कडबा. आमा-लेंचं काडाबद्दलचं बोलणं ऐकताना मला सोलापूरकडची माणसं आठवत होती.

"बियाणं बँकेत ठेवलं की झालं, नाही का?"

बँका हव्यातच. सीरियातल्या अलेप्पोजवळ कोरडवाहू पिकांची एक मोठी आंतरराष्ट्रीय बियाणे बँक होती, सातूचा फार मोलाचा संग्रह तिथे होता. युद्धामुळे ती सोडावी लागली. पण तिथल्या लोकांनी आधीच नमुन्यांच्या जोड्या उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड तिजोरीत पाठवल्या होत्या. 2015 मध्ये तिजोरीतून पहिल्यांदा बियाणं परत काढलं गेलं ते याच कामासाठी, आणि मोरोक्को व लेबनॉनमध्ये संग्रह पुन्हा उभा राहिला. आपल्याकडेही लेहमधल्या संरक्षण संशोधन संस्थेने राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोबरोबर चांग ला खिंडीत 17,000 फुटांहून उंचावर बियाण्यांचं कोठार केलं आहे. तिथली थंडी फुकटची.

पण गोठवलेलं बी शिकायचं थांबतं. इस्राएलमध्ये रानटी सातूचं बी 1980 मध्ये गोळा केलं होतं, 2008 मध्ये त्याच दहा जागांवरून पुन्हा केलं. दोन्ही शेजारी-शेजारी पेरल्यावर कळलं, की नव्या बियाण्याची झाडं सरासरी सुमारे 11 दिवस आधी फुलतात. 28 वर्षांत उष्णता वाढली आणि रानातला सातू बदलला. तिजोरीतला 1980 मध्येच थांबलेला होता. तिजोरी मागचं राखते. पुढचं घडवायला उतार, पाणी आणि पेरणारा माणूस लागतो.

झीज कुठून होते

रोगराईमुळे किंवा कुणाच्या कपटामुळे नव्हे, तर जेवणाच्या ताटामुळे. लडाखमध्ये रेशनवर तांदूळ आणि गहू स्वस्तात मिळू लागले, माणसं लेहला नोकरी-पर्यटनाकडे वळली आणि सातू पेरण्याची निकड कमी झाली. त्यांना दोष देणारी मी कोण? हिवाळ्यात पोटभर भात मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण वरच्या गावातलं एक शेत पडीक पडलं की तिथली चाळण बंद होते, आणि तिथेच टिकून असलेला एखादा जिन्नस चिवड्यातून कायमचा जातो. तो गेल्याचं कुणाला कळतही नाही, कारण त्याला वेगळं नावच नव्हतं. "आमचंच" हे त्याचं नाव.

हिशेबाचा आणखी एक भाग मला बोचतो. भुरीच्या प्रतिकाराचं ते बियाणं इथिओपियातून गेलं तेव्हा तो देश इटलीच्या ताब्यात होता. ज्या शेतांतून ते उचललं, तिथल्या शेतकऱ्यांना युरोपच्या वाचलेल्या पिकातून काही मिळालं नाही. असं होऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय करार खूप नंतर आले. भारताने 2001 मध्ये कायदा केला, त्यात शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा हक्क आहे, आणि गावरान वाण शेतकऱ्याच्या नावावर नोंदवताही येतो.

हक्क चांगला आहे, पण खाणारा नसेल तर पेरायचं कुणासाठी? केंद्राच्या हमीभावाच्या यादीत सातू आहे. अन्नसुरक्षा कायद्यात रेशनवर भरड धान्य देण्याची सोय आहे. लेहच्या रेशन दुकानात आणि शाळेच्या जेवणात त्याच खोऱ्यातला ग्रिम रास्त भावाने विकत घेऊन द्यावा, एवढं केलं तरी वरच्या गावातली कितीतरी शेतं नांगराखाली राहतील असं मला वाटतं.

निघायच्या दिवशी आमा-ले कोठीत होत्या. दळायला काढायच्या पोत्यांपासून लांब, भिंतीशी, एक लोकरीचं पोतं वेगळं ठेवलेलं होतं. त्यातला अर्धा सातू त्यांचा. उरलेला वरच्या गावातून, सुनेच्या माहेरून आलेला, आठवडाभर आधी पिकणारा. दोन्ही त्यांनी हाताने एकत्र केले आणि पोत्याचं तोंड बांधलं.